हिरवळ मोजायची कशाने?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे येताना वाटेत काळपट कातळाचे विस्तीर्ण सडे लागतात. हा कातळ जांभ्याचा. त्याचेच चिरे कापून कोकणातली घरे उभी राहिली. चिरे काढून झाले की मागे उरते ती चिरेखाण. तिच्यात माती टाकून ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे लावली, तर काही वर्षांत खाण हिरवीगार दिसू लागते. मग आपण म्हणतो, ‘जमीन पूर्ववत झाली!’ खरेच झाली का?

विद्यार्थीमित्रहो, कोणतीही गोष्ट मोजायची तर प्रमाण लागते. पॅरिसजवळ जपून ठेवलेले प्लॅटिनम-इरिडियमचे एक वजन १८८९ पासून २०१९ पर्यंत साऱ्या जगाचा ‘किलोग्रॅम’ होते. खाणीच्या बाबतीत असे प्रमाण म्हणजे शेजारचीच, कुदळ न लागलेली जमीन. तिला आपण ‘संदर्भ-तुकडा’ म्हणू.

प्रमाण कसे निवडावे?

संदर्भ-तुकड्याचा खडक, उतार, मातीची जाडी आणि पाऊस हे सारे खाणीच्या मूळ जागेसारखे हवे. डोंगरउतारावर माती साठते, तेथे झाडे वाढतात. म्हणून सड्यावरच्या खाणीला उतारावरची राई प्रमाण म्हणून चालणार नाही. सड्यावर माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, उन्हाळ्यात कातळ भाजून निघतो. तरीही पावसाबरोबर दीपकाडी फुलते. पुढे गेंद, कवला आणि ‘सीतेची आसवे’ यांचे गालिचे पसरतात. सीतेची आसवे ही तर कीटकभक्षी वनस्पती. निकस जमिनीत न मिळणारा नायट्रोजन ती सूक्ष्म जीव पकडून मिळवते. बाभूळ नेमके उलट करते. तिच्या मुळांवरच्या गाठींतील जीवाणू जमिनीत नायट्रोजन वाढवतात, आणि तिची सावली उन्हात वाढणाऱ्या या चिमुकल्या वनस्पतींना मारक ठरते. म्हणजे खाण हिरवी झाली, पण सडा परत आला नाही.

थोडे गणित

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९४८ मध्ये साम्य मोजण्याचे एक सोपे सूत्र मांडले: दोन्ही तुकड्यांत समान असलेल्या जातींची दुप्पट भागिले दोन्हींतील जातींची बेरीज. समजा, सड्यावर २० जाती आहेत, खाणीत १२, आणि समान ४. तर साम्य = ८ ÷ ३२ = ०.२५.

मग उद्दिष्ट १ ठेवायचे का? नाही! न खोदलेले दोन तुकडे तरी कोठे अगदी सारखे असतात? समजा, अशा दोन तुकड्यांत प्रत्येकी २० जाती आहेत व त्यांतल्या १५ समान आहेत. साम्य येते ३० ÷ ४० = ०.७५. निसर्गातच एवढा फरक असेल, तर खाणीने ०.७५ च्या आसपास पोचणे पुरेसे. म्हणूनच संदर्भ-तुकडा एक नको, अनेक हवेत.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅरा वृक्षांच्या जंगलात १९६३ पासून बॉक्साइट काढले जाते. तेथील जमीनही जांभ्याचीच. सुरुवातीला खाणींवर पाइन आणि बाहेरचे निलगिरी लावले गेले. १९८८ पासून मात्र जॅरासारख्या स्थानिक जातीच लावतात. बिया असलेली वरची ताजी माती शक्य तेथे लगेच पसरतात आणि उगवलेल्या जातींची तुलना न खोदलेल्या जंगलाशी करतात.

करून पाहा

शिक्षकांबरोबर सड्यावर जा. १ मीटर बाजूच्या दोरीच्या चौकटी न निवडता, कोठेही टाका आणि आतल्या जाती मोजा. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढा, झाड उपटू नका. जुलैत आणि सप्टेंबरात, अशी दोनदा मोजणी करा. सोडलेल्या, कोरड्या चिरेखाणीतही तसेच करा. पाण्याने भरलेल्या खाणीपासून मात्र दूर राहा.

मे महिन्यात सडा उजाड दिसतो, म्हणून त्याला पडीक समजून सरसकट खोदले जाते. किलोग्रॅमच्या त्या वजनाच्या निदान प्रती तरी होत्या. सड्याचा शेवटचा अभंग तुकडा गेला, तर खाणीत काय परत आणायचे होते, हे सांगायलाही काही उरणार नाही. खाण खोदण्याआधीच तिच्या शेजारचा एक तुकडा राखून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.