नायट्रिक अ‍ॅसिड सांडते तेव्हा

अ‍ॅरिझोनातल्या मंडळींना १४ फेब्रुवारी २०२३ ची दुपार आठवत असेल. ट्यूसॉनजवळ इंटरस्टेट १० वर, कोल्ब रोड आणि रीटा रोड यांच्या दरम्यान, नायट्रिक अ‍ॅसिड घेऊन जाणारा ट्रक उलटला. चालक बिचारा जागीच गेला. रस्त्याच्या कडेने पिवळट-तांबूस धुराचा लोट उठला, जवळपासच्या इमारती रिकाम्या केल्या गेल्या आणि त्यापलीकडच्या लोकांना ‘घरातच थांबा’ असा आदेश मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमधला माल काढायला घेतला, तर पुन्हा वायू सुटू लागला. मग त्यावर माती टाकून तो आटोक्यात आणावा लागला.

त्या संध्याकाळी तिकडच्या एका मित्राच्या पत्नीचा फोन आला. “भावजी, हीटर बंद करू का चालू ठेवू? बाळाला गाडीत घालून सरळ निघू का?” मी पडलो संगणकावर पोट भरणारा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री कधीच विसरलेला. “टीव्हीवर सांगतील तसं करा,” एवढेच म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण मला स्वतःला ते फार तोकडे वाटले. नंतर बसून जे वाचले, ते इथे मांडतो.

‘अ‍ॅसिड’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती देशात मोरी आणि फरशी घासायची बाटली. ते हायड्रोक्लोरिक. नायट्रिक म्हणजे सोनाराकडचे तेजाब, आणि त्याचा स्वभाव निराळा. ते धातू आणि कातडी खातेच, शिवाय ते ऑक्सिडायझर आहे, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला जळायला मदत करते. लाकूड, कागद, कापड, भुसा यांच्याशी तीव्र नायट्रिक अ‍ॅसिडची गाठ पडली की उष्णता निर्माण होते, तांबूस धूर निघतो आणि कधी पेटही घेते. काही सांडले की फडके टाकायचे, ही आपली जन्माची सवय. नेमकी तीच इथे घात करते.

याचे सर्वांत महागडे उदाहरण शेजारच्या न्यू मेक्सिकोतले आहे, आणि योगायोगाने तारीखही १४ फेब्रुवारीच, पण २०१४ ची. कार्ल्सबॅडजवळच्या भूमिगत अणुकचरा केंद्रात एक पिंप आतून तापून फुटले. त्यात नायट्रेट क्षारांचा कचरा होता आणि ओल शोषण्यासाठी मांजरीच्या शौचपेटीत टाकतात ती ‘लिटर’ घातलेली होती. आधी मातीची लिटर वापरत. या पिंपात गव्हापासून बनवलेली गेली. माती जळत नाही, गहू जळतो. केवळ त्या फरकाने केंद्र सुमारे तीन वर्षे बंद राहिले. तुमच्या गॅरेजमध्ये तेल सांडले तर कुठलीही लिटर चालेल, नायट्रिकला मात्र चालणार नाही.

मग तज्ज्ञ लोक काय करतात? ३ एप्रिल १९८३ ला डेन्व्हरच्या रेल्वे यार्डात एका टँकरला भोक पडून सुमारे २०,००० गॅलन नायट्रिक अ‍ॅसिड वाहिले आणि जवळजवळ ९,००० लोकांना घरे सोडावी लागली. तिथे सोडा अ‍ॅश पसरून ते मारले गेले, आणि इतका सोडा उडवायला त्या वेळच्या स्टेपलटन विमानतळावरची बर्फ उडवायची यंत्रे आणली. मला ही युक्ती फार आवडली. आपला खायचा सोडाही तेच काम करतो, पण मी हिशेब मांडून पाहिला: ७० टक्के अ‍ॅसिडच्या एका गॅलनला अकराएक पौंड सोडा लागतो, म्हणजे किराण्यातले एक पौंडाचे अकरा डबे. शिवाय फेस येतो आणि उष्णता निघते. तेव्हा मोठ्या सांडलेल्याच्या वाटेला आपण जाऊ नये. त्यावर थोडे पाणी ओतणेही वाईट, धूर वाढतो.

आता वहिनींचा प्रश्न. ‘घरातच थांबा’ असा आदेश असेल तर थांबावे, कारण बाहेरच्या लोटातून गाडी नेण्यापेक्षा बंद घर बरे. दारे-खिडक्या लावा. हीटर, एसी, कूलर, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा. दाराच्या फटीत ओला टॉवेल सारा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून वरचा मजला असल्यास वर जा, तळघरात नको. ‘बाहेर पडा’ सांगितले तर मात्र निघताना वारा कुठून येतो ते पाहून लोट टाळा आणि गाडीची बाहेरची हवा बंद ठेवा. ट्रकवर काळ्या-पांढऱ्या पाटीवर २०३१ हा आकडा दिसला तर ते नायट्रिक. ९११ ला तो आकडा सांगा, त्यांचे अर्धे काम होते.

एक गोष्ट डॉक्टर मित्राने दोनदा बजावली. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड नाका-घशाला फारसा झोंबत नाही, तो खोल फुप्फुसात उतरतो. माणूस थोडा खोकतो, बरे वाटते, घरी जेवून झोपतो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरून श्वास कोंडतो. काही आठवड्यांनी पुन्हा त्रास उद्भवल्याचीही उदाहरणे आहेत. तांबूस धूर छातीत गेला असेल तर ‘आता ठीक वाटतंय’ म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी इमर्जन्सीत जावे.

अंगावर उडाले तर कपडे ताबडतोब काढा आणि वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धरा. डोळ्यांनाही तेच, कॉन्टॅक्ट लेन्स काढून. कातडीवर सोडा चोळू नका. कातडी पिवळी पडते, तो डाग घासून जात नाही. पोटात गेले तर उलटी करवू नका. विषबाधा केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२, फ्रीजवर लावून ठेवा.

आपल्या घरांत हे अ‍ॅसिड शिरते ते सोने तपासायच्या किटमधून. ती चिमुकली बाटली कलंडली तर टिश्यू पेपर टाकू नका. मुलांना बाहेर काढा, खिडकी उघडा, हातमोजे घालून कडेकडेने मूठभर खायचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत थांबा आणि मग भरपूर पाण्याने धुवा.

या पानावर पैशाचेही लिहायचे असते, म्हणून एक सांगतो. सरकारी आदेशाने घर सोडावे लागल्यास बऱ्याच होमओनर्स पॉलिसी हॉटेलचा वाढीव खर्च साधारण दोन आठवड्यांपर्यंत देतात, पण अटींसह, आणि प्रदूषणाच्या नुकसानीला अनेकदा वगळलेले असते. एजंटला हे दोन्ही प्रश्न आजच विचारा, आणि बाहेर राहायची वेळ आलीच तर पावत्या जपून ठेवा.