गाडीला दम कुठून आणायचा?

बीडच्या बार्शी नाक्यावरच्या एका गॅरेजात उस्तादांनी माझ्या हातावर एक पिस्टन ठेवला. डोक्याच्या कडेला रुपयाएवढं भोक. भोकाच्या कडा मेणासारख्या ओघळलेल्या आणि वरची रिंग ॲल्युमिनिअममध्ये रुतून बसलेली, नखाने उचकटली तरी हलत नव्हती. ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीचा. दोन भरल्या ट्रॉल्या ओढवत नाहीत म्हणून मालकाने गाळप सुरू होताना जास्त डिझेल सोडण्यासाठी पंप वाढवून घेतला होता. महिनाभर ट्रॅक्टरने काळा धूर सोडत झकास ओढलं. संक्रांतीच्या आत हेड उघडावं लागलं.

तो पिस्टन मी मागून घेतला आणि घरी आणला. बहिणीचा मुलगा गेले कित्येक दिवस एकच विचारत होता, “मामा, गाडीला नायट्रो बसवू, का इंजिनचं काम काढू?” गाडी त्याची जुनी, पेट्रोलवरची, सेकंडहँड घेतलेली. धारूरच्या घाटात एसी लावला की दुसऱ्या गिअरवर येते. 2001 सालच्या ‘फास्ट अँड फ्युरिअस’पासून निळ्या बाटलीचं वेड तरुण पोरांच्या डोक्यात आहे, त्यात त्याला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न खरा आहे, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. खरं तर ती हवेवर चालते. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे नऊ-दहा हजार लिटर हवा इंजिनाने ओढून घ्यायची. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, अडतं ते हवेपाशी. ट्रॅक्टरचा काळा धूर तेच सांगत असतो: डिझेल आलं, पण ते जाळायला हवा पुरली नाही. उष्णता मात्र वाढत गेली आणि शेवटी पिस्टन वितळला. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर आहे, त्यामुळे मुंबईपेक्षा इथली हवा मुळातच थोडी विरळ. ताकद वाढवायची म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त ऑक्सिजन पोचवायचा. नायट्रो म्हणजे नायट्रस ऑक्साइड असो की टर्बो, दोन्हींचं काम तेच.

नायट्रस ऑक्साइड आपल्या जिल्ह्याला परका नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयात भूल देताना जो वायू पिढ्यान् पिढ्या वापरला गेला, तो हाच. प्रिस्टलीने 1772 मध्ये तो शोधला, हम्फ्री डेव्हीने हुंगून पाहिला आणि त्याला ‘हसवणारा वायू’ हे नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो लढाऊ विमानांच्या इंजिनात सोडला, कारण फार उंचावर हवा इतकी विरळ होते की इंजिन धापा टाकू लागतं.

वजनाने पाहिलं तर हवेत ऑक्सिजन 23 टक्के असतो आणि नायट्रसमध्ये 36 टक्के. हा वायू स्वतः पेटत नाही. सिलिंडरमधल्या उष्णतेने त्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि मग जास्तीचं पेट्रोल जाळता येतं. शिवाय द्रवरूप नायट्रस उणे 88 अंशांवर उकळतो. बाटलीतून बाहेर पडताना तो आत येणारी हवा गारठवतो, आणि गार हवा दाट असते. बटण दाबताच गाडी पाठीत धक्का देते ती यामुळे. हे सगळं खरं आहे, त्यात फसवणूक नाही.

पण हिशोब पुढे करायचा असतो. शर्यतवाल्यांचा ठोकताळा असा की शंभर अश्वशक्ती जास्तीची हवी असेल तर दहा सेकंदांना सुमारे एक पौंड वायू उडतो. दहा पौंडांची म्हणजे साडेचार किलोची बाटली दोन मिनिटंही टिकत नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतीत 402 मीटर गाठायला तेवढं भरपूर आहे. धारूरचा घाट चढायला नाही. अर्ध्या वाटेत बाटली संपते आणि गाडी पुन्हा मूळच्या दमावर, वर बाटलीचं ओझं.

दुसरी अडचण आपल्या उन्हाची. नायट्रस 36.4 अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. त्या तापमानाला बाटलीतला दाब 72 बारच्या पुढे जातो, टायरमधल्या हवेच्या तीस पटींहून जास्त. मे महिन्यात बीडला सावलीतलं तापमान चाळिशी ओलांडतं, काचा लावून उन्हात उभ्या गाडीच्या डिकीचं तर विचारूच नका. जेटची भोकं एका ठरावीक दाबासाठी मोजून बसवलेली असतात. दाब चढला की वायू आणि पेट्रोल यांचं प्रमाण मोडतं. पेट्रोल कमी पडलं की ज्वाला भयंकर तापते, नॉकिंग सुरू होतं, आणि पिस्टनची तीच गत होते जी माझ्या टेबलावर पडलेल्या पिस्टनची झाली. तिथे डिझेल जास्त होतं, इथे पेट्रोल कमी, शेवट सारखाच.

आता इंजिनचं काम. इथे सगळ्यात मोठा धडा कंपनीच स्वतः देते. चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन 2022 मध्ये आली तेव्हा तिचं 2.2 लिटरचं डिझेल इंजिन खालच्या मॉडेलमध्ये 132 आणि वरच्या मॉडेलमध्ये 175 अश्वशक्तीचं होतं. घनक्षमता तीच. फरक पडतो टर्बोचा दाब, इंधनाचा हिशोब आणि त्याला झेपेल अशी बाकीची बांधणी यांनी. पंप वाढवणारा फक्त इंधन वाढवतो, कंपनी सगळं एकत्र वाढवते. ज्याला रोज, प्रत्येक चढावर ताकद हवी आहे त्याने ती जन्मतःच जास्त असलेली गाडी घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनावर टर्बो चढवायचा तर पिस्टन, हेड गॅस्केट, क्लचप्लेट, रेडिएटर, सगळ्यालाच हात घालावा लागतो. तेवढ्या पैशात दुसरी गाडी येते.

कायद्याचंही ऐकून ठेवावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. दाबाखालच्या वायूच्या बाटल्यांना 2016 चे गॅस सिलिंडर नियम लागतात, ते पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. आणि अपघात झालाच, तर विमा कंपनी आधी हेच बदल शोधते.

घाटाची एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. धारूरहून तेलगावकडे उसाने भरलेली ट्रॉली उतरते तेव्हा इंजिनाची ताकद काही कामाची नसते, काम असतं ब्रेकचं. पंप वाढवून घेणाऱ्या किती जणांनी त्याच दिवशी ट्रॉलीचे ब्रेक तपासून घेतले, हे मी उस्तादांना विचारलं. ते हातातला पाना पुसत राहिले.

भाच्याला घेऊन मी त्यांच्याचकडे गेलो. उस्तादांनी आधी बाटलीचा विषयच काढू दिला नाही. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. धडधाकट पेट्रोल इंजिनात तो साधारण दीडशे पीएसआयच्या वर जातो. तीन सिलिंडर ठीक निघाले, चौथा एकशे दहावर अडकला. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून परत मोजलं, काटा हलला नाही. म्हणजे रिंगा शाबूत, व्हॉल्व्ह गळतोय. मग एअर फिल्टर उपसला. आपटला तर पाटोद्याच्या रस्त्याची लाल-पांढरी माती फरशीवर पसाभर पडली.

“ही काढ आधी, मग नायट्रोचं बोलू,” उस्ताद म्हणाले. व्हॉल्व्ह घासून बसवले, फिल्टर, प्लग आणि ब्रेक लायनर नवे टाकले. परवा तो धारूरला जाऊन आला. एसी लावून, तिसऱ्या गिअरवर.