ब्राँझचा घोडा आणि शिल्पकार करमरकर

विद्यार्थी मित्रांनो, गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा तुम्ही पाहिला असेलच. गोरेगावहून चर्चगेट गाठलं की तिथं चालतही जाता येतं. १९६१ साली बसवलेला तो पुतळा कल्याणच्या सदाशिव साठे यांचा. पण आज आपण त्याआधीच्या एका शिल्पकाराची ओळख करून घेऊ.

विनायकराव करमरकर यांचा जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवणे गावातला. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिलं आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठवलं. पुढे ते कोलकात्याला आणि लंडनलाही गेले. पण नाव झालं ते पुण्यातल्या अश्वारूढ शिवाजी महाराजांमुळे! १६ जून १९२८ ला त्याचं अनावरण झालं. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

घोडाच इतका अवघड का, सांगा बरं? माणसाचा पुतळा दोन पायांवर उभा राहतो, मग चार पायांचा घोडा तर सोपा हवा! पण घोड्याचं धड जड, वर स्वार, आणि खाली काठीसारखे पाय. त्यातला एखादा उचललेला असेल तर सगळा भार उरलेल्या तिघांवर. म्हणून पायांत पोलादी आधार देतात आणि धड आतून पोकळ ठेवतात.

आधी मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टरचा, मग साचा. साच्यात तांबं आणि कथील यांचा सुमारे हजार अंशांचा रस ओततात. तो गोठायच्या आत कानाच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे. हवा बाहेर पडायला वाटा ठेवल्या नाहीत तर आत पोकळ्या राहतात. थंड होताना धातू आकसतो, कधी तडकतोही. महिनोन्‌महिने केलेलं काम काही मिनिटांत वाया जाऊ शकतं! म्हणून बहुतेक जण तुकडे ओतून जोडतात. करमरकरांनी मात्र पुण्याचा पुतळा माझगाव डॉकमध्ये अखंड ओतून घेतला. धाडसच म्हणायचं.

जाता जाता एक : घोड्याच्या उचललेल्या पायांवरून स्वाराचा मृत्यू कसा झाला ते कळतं, असं मोबाईलवर फिरतं. त्यात तथ्य नाही.

सासवण्याच्या त्यांच्या घरात आता शिल्पसंग्रहालय आहे. गेटवेहून मांडव्याची बोट पकडा. तिथून गाव जवळच आहे.