एका चौकोनात चौदाशे भाटघर

भोरजवळचे भाटघर धरण काठोकाठ भरले की त्यात साडेतेवीस टीएमसी, म्हणजे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी असते. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर आणि एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर सगळे मिळून १३३ कोटी कोटी थेंब होतात. कोटी दोनदा आले ती छपाईची चूक नव्हे. कोटीला कोटीने गुणायचे आणि मग १३३ने.

आता एक चौकोन घ्या. आठ ठिपके आडवे, आठ उभे, एकूण ६४. प्रत्येक ठिपका एक तर पेटलेला, नाही तर विझलेला. या चौकोनात किती वेगवेगळ्या आकृत्या निघतील? १,८४,४६७ कोटी कोटी. थेंब मोजायचेच तर सुमारे चौदाशे भाटघर. बुद्धिबळाच्या पटावर दुपटीने दाणे मागणाऱ्याची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांच्या हे लक्षात आले असेल. पटावरच्या एकूण दाण्यांचा आकडा हाच, फक्त आपला एकाने जास्त.

हा चौकोन म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम या कॉम्प्युटरच्या पडद्यावरची एका अक्षराची जागा. असे ७६८ चौकोन मिळून त्याचा पडदा होतो. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो १९८२ साली इंग्लंडमध्ये आणला. १९८६ साली पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन त्याची सुधारित आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने भारतात काढली, आणि ती पन्नास हजारांवर विकली गेल्याचे सांगतात. घरातल्या टीव्हीला जोडायचा, शेजारी कॅसेट प्लेअर ठेवायचा, की झाला कॉम्प्युटर तयार.

ते यंत्र आज भोरच्या बाजारपेठेत शोधून मिळणार नाही. पण त्याची गरजही नाही. कुणी टाकून दिलेला चार जीबीचा लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स एवढे असले की 'फ्यूज' नावाचा एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, चढवता येतो. फिलिप केंडल यांनी १९९९ साली सुरू केलेला हा प्रकल्प. त्याचा सोर्स कोड खुला आहे, पैसे पडत नाहीत. एकदाच काही मेगाबाइट उतरवले की पुढे इंटरनेट लागत नाही. वेल्ह्याकडच्या, म्हणजे आता राजगड तालुक्यातल्या, एखाद्या डोंगरातल्या गावी रेंज गेली तरी त्याचे काही अडत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. नुसते 'फ्यूज' नावाचे पॅकेज घेतले तर फाइलप्रणालीचे भलतेच काहीतरी पदरात पडते, म्हणून नावात 'एम्युलेटर' आहे ना ते पाहायचे. शिवाय मूळ यंत्राच्या रॉमची, म्हणजे त्यात कायमच्या कोरलेल्या प्रोग्रामची, फाइल उबुंटू-डेबियनमध्ये वेगळी घ्यावी लागते. ती मुक्त सॉफ्टवेअर नव्हे. तिचे हक्क ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेले होते, आणि एम्युलेटरसोबत ती वाटायला हरकत नाही असे त्या कंपनीने १९९९ साली कळवले. असा समजूतदारपणा या धंद्यात क्वचितच दिसतो.

सुरू केल्यावर करडा पडदा येतो, तळाला १९८२ साल आणि सिंक्लेअरचे नाव. तो दिसला की समजायचे, १६ केबी रॉम आणि ४८ केबी रॅम जागी झाली. बेरीज ६४ केबी, म्हणजे ६५,५३६ बाइट. आता लॅपटॉपच्या चार जीबीला या ६५,५३६ने भागून पाहा. उत्तर येते ६५,५३६. एका स्पेक्ट्रममध्ये जितके बाइट, तितके स्पेक्ट्रम त्या जुन्या लॅपटॉपच्या मेमरीत मावतात! पुण्याहून निघालेली ती पन्नास हजार यंत्रे, प्रत्येकाच्या पोटातल्या सगळ्या ऐवजासकट, त्यात बसतील आणि वर पंधरा हजारांची जागा शिल्लक राहील.

वेगाचेही तसेच. स्पेक्ट्रमच्या झेड-८० प्रोसेसरमध्ये साधारण साडेआठ हजार ट्रान्झिस्टर आणि सेकंदाला ३५ लाख ठोके. दोन गिगाहर्ट्‌झच्या लॅपटॉपला त्या एका ठोक्यामागे ५७० ठोके मिळतात. पडद्यावरचे एक चित्र ६९,८८८ ठोक्यांचे, आणि सेकंदाला अशी पन्नास चित्रे. एम्युलेटर हे ठोके बिनचूक मोजतो आणि उरलेला बहुतेक वेळ वाट पाहत बसतो. कॅसेटवरून ४८ केबीचा खेळ चढायला पाच मिनिटे लागत, कारण टेपवरून सेकंदाला जेमतेम १७० बाइट येत. इथे तो क्षणात चढतो. ज्यांना टेप चढतानाची ती किंकाळीच ऐकायची आहे त्यांच्यासाठी झटपट चढवण्याची सोय बंदही करता येते. हौसेला मोल नाही.

पण तो चौकोन या वेगालाही दाद देत नाही. सेकंदाला पन्नास आकृत्या या हिशेबाने त्याच्या सगळ्या आकृत्या दाखवायला सुमारे १,१७० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. बरे, एम्युलेटरचा वेग शंभरपट वाढवला तर? ११.७ कोटी वर्षे. तोरणा आणि राजगड ज्या कातळावर उभे आहेत त्याचा लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हापासून लॅपटॉप चालू ठेवला असता तरी आज जवळजवळ निम्मे काम बाकी असते. ७६८पैकी एकाच चौकोनाचे.

या अफाट ढिगातून आपल्याला हवी ती आकृती उचलणे मात्र अगदी सोपे. आपण आखलेल्या अक्षरांसाठी यंत्रात २१ जागा राखून ठेवल्या आहेत. प्रत्येकीला शून्य ते २५५मधले आठ आकडे द्यायचे. 'भोर'ला तीन चौकोन पुरतात: भ, काना-मात्रा, र. वर मात्रेला जागा सोडून तिसऱ्या ओळीत तिन्ही चौकोनांना २५५ दिले की आठही ठिपके पेटतात आणि शिरोरेखा सलग जुळते. 'वेल्हे' लिहिताना अर्ध्या ल पायी थोडी दाटी होते, पण जमते.

मग यंत्र आहे त्या स्थितीत साठवून ठेवायचे. त्याची फाइल होते ४९,१७९ बाइटची, व्हॉट्सॲपवरच्या साध्या फोटोपेक्षाही लहान. रॅमच्या अशा किती वेगवेगळ्या स्थिती संभवतात? त्या आकड्यात १,१८,३७० अंक आहेत. दिसणाऱ्या विश्वातले अणू मोजणारा अंदाजी आकडा ८१ अंकी, दोन ओळींत मावणारा. हा छापायचा तर पानाला तीन हजार अंक धरून चाळीस पाने लागतील. त्यातल्या आपण साठवलेल्या एका स्थितीत पडद्यावर 'भोर' लिहिलेले असते. बाकी एखादी डोळे मिटून उचलली, तर बहुधा रंगीबेरंगी कचरा दिसून यंत्र गोठते. तसे झाले तर एफ-५ दाबून यंत्र नव्याने सुरू करावे.