खेळण्यातली आगगाडी खरी का वाटत नाही?

आगगाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करून ती रुळांवर चालवणे हा युरोप-अमेरिकेत मोठ्या माणसांचा छंद आहे. पुण्याच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात मुलांची सहल नेलेल्या शिक्षकांना तो ठाऊक असेल. या छंदात 'एचओ' हे माप फार प्रचलित आहे. त्यात प्रत्येक लांबी ८७ पट लहान करतात. १,४३५ मिलिमीटर अंतरावरचे रूळ साडेसोळा मिलिमीटरवर येतात. वाफेच्या इंजिनाची चाके, त्यांना जोडणारे दांडे, कोळशाचा टेंडर, गार्डाचा डबा, सारे त्याच प्रमाणात. तरीही गाडी सुरू केली की ती खेळणे वाटते. असे का?

पहिले कारण वेग. समजा, खरी मालगाडी ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर वेगाने जात आहे. याला ८७ ने भागले की सेकंदाला पावणेतेरा सेंटिमीटर येतात. म्हणजे एक मीटर रूळ ओलांडायला छोट्या गाडीला जवळजवळ आठ सेकंद लागायला हवेत. उत्साही मुलगा तेच अंतर दोन सेकंदांत संपवतो. उलटा हिशेब केला तर तो वेग ताशी १५७ किलोमीटर होतो! कोळशाच्या मालगाडीला हे कसे जमावे? वर्गात फूटपट्टी आणि घड्याळ घेऊन मुलांकडून हा हिशेब करून घेता येईल.

वाफेच्या इंजिनात हा खोटेपणा आणखी उघडा पडतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार फुसकारे निघतात. परीघ आणि वेग दोन्ही ८७ पट कमी झाले, तेव्हा चाकाचे दर सेकंदाचे फेरे बदलत नाहीत. दीड मीटर व्यासाचे चाक धरले तर ताशी १५ किलोमीटरला सेकंदाला सुमारे साडेतीन फुसकारे होतात. ते कानाला सुटे ऐकू येतात. ताशी १५७ ला मात्र ते ३७ होतील, आणि भकभक जाऊन नुसती घरघर उरेल.

वेग बरोबर ठेवला तरी थांबणे चुकतेच. वीज तोडली की छोटी गाडी जागच्या जागी थबकते. ती हलकी आहे म्हणून, असे उत्तर बहुतेक जण देतात. ते बरोबर नाही. घर्षण वजनाच्या प्रमाणात असते, म्हणून मंदनाच्या सूत्रातून वस्तुमान निघून जाते. गाडीला होणारा रोध तिच्या वजनाच्या हजारात तीन भाग धरा. वाफ बंद केल्यावर खरी गाडी ब्रेकवाचून सुमारे दोन किलोमीटर घरंगळेल. प्रतिकृतीने त्याच्या ८७ पट कमी, म्हणजे २३ मीटर जायला हवे. पण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर ठरते, आणि ८७ चा वर्ग आहे ७,५६९. म्हणून ती जेमतेम पाव मीटर जाते. आपण लांबी लहान केली, गुरुत्वाकर्षण लहान केले नाही! शिवाय छोट्या आसांचे घर्षण वजनाच्या मानाने जास्त असते, आणि मोटारीच्या मळसूत्री दात्यांमुळे चाके मोटारीला फिरवू शकत नाहीत.

मग योग्य वेग कोणता? विल्यम फ्रूड हा ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेच्या वळणांचे काम केलेला इंग्रज अभियंता. पुढे १८७० च्या दशकात त्याने टॉर्की येथील हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. त्याच्या नियमाने वेग ८७ च्या वर्गमुळाने, म्हणजे ९.३ पटीने कमी करायचा. तसे केले तर थांबण्याचे अंतर बरोबर २३ मीटर येते. पण एक मीटर रूळ सेकंदाच्या आत संपतो, आणि डोळा ते मानत नाही. चित्रपटवाले यातून हुशारीने सुटतात. प्रतिकृतीचे चित्रण ते तितक्याच पट जलद करतात आणि नेहमीच्या गतीने दाखवतात. प्रत्यक्ष पाहणाऱ्यासमोर काळ असा ताणता येत नाही.

म्हणून छांदिष्ट डोळ्याची बाजू घेतात आणि पदार्थविज्ञानाला फसवतात. मोटारीच्या दांड्यावर पितळी फ्लायव्हील बसवतात. मोटार चाकांपेक्षा पुष्कळ जलद फिरत असल्यामुळे लहानशा चकतीतही बरीच ऊर्जा साठते. १९९० च्या दशकापासून इंजिनात छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल बसवण्याची पद्धत रुळली. ते वेग सावकाश चढवते आणि सावकाश उतरवते. हे जडत्व खोटे असते, पण गाडी खरी वाटते.

उरते अंतर. बारा मीटर रूळ म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. ताशी ४० ने दोन स्थानकांमधला प्रवास दीड मिनिटात संपतो. म्हणून वेळापत्रकासाठी काही जण सहापट जलद धावणारे घड्याळ लावतात. मग दीड मिनिटाची नऊ मिनिटे होतात, आणि प्रवास केल्यासारखा वाटतो. तडजोड मला पटते, पण ती शंटिंगला भोवते. डबे जोडायला-तोडायला हाताला लागायचा तेवढा वेळ लागतोच, आणि त्या घड्याळात पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासाचे दिसते. म्हणून जाणकार वेळापत्रक आखताना शंटिंगला भरपूर वेळ ठेवतात. वाफेच्या इंजिनाला पाणी भरायला दिलेली पाच मिनिटे मात्र ५० सेकंदांत उरकतात, कारण नळातून पाणी काही येत नसते.