ट्रेलरवरचा जड कयाक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत मासेमारीसाठी वापरले जाणारे पायडलचे कयाक बरेच जड असतात. होबी कंपनीचा ‘प्रो अँगलर १४’ चार मीटरहून थोडा लांब असून साहित्यासह त्याचे वजन ६५ किलोच्या आसपास भरते. एवढे धूड एकट्याने मोटारीच्या टपावर चढवणे अवघड. शिवाय अनेक मोटारींच्या टपाची क्षमता ७५ किलोच्या आसपास असते आणि कॅरियरचे वजनही त्यातच धरायचे असते. म्हणून ट्रेलर लागतो.

पण ट्रेलर जोडला की वजनाची काळजी मिटली, हा समज घातक आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे टेकले आहे, याला जास्त महत्त्व असते. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार मोटारीला जोडणाऱ्या पुढच्या दांडीवर हवा. तो कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो आणि मोटारीलाही खेचतो. चूक बहुधा नकळत होते: दांडी आखूड असते, वळताना कयाकचे टोक मोटारीला घासेल म्हणून तो मागे सरकवला जातो आणि पुढचा भार नाहीसा होतो. यावर खरा उपाय लांब दांडीचा आहे. जड बॅटरी कयाकच्या मागच्या भागात ठेवण्याऐवजी मोटारीत नीट बांधून न्यावी. ट्रेलर झुलू लागलाच तर वेग वाढवू नये, जोरात ब्रेकही दाबू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा.

मजबूत ट्रेलर नेहमीच चांगला, हेही खरे नाही. कित्येकशे किलोंसाठी बनवलेले कडक स्प्रिंगचे पाटे हलक्या ओझ्याखाली दबतच नाहीत; ट्रेलर खड्ड्यांत उसळतो आणि कयाक बांधलेले पट्टे ढिले होतात.

मग पट्टे करकचून आवळावेत का? नाही. कयाकचे पॉलिथिलीन उन्हात मऊ पडते आणि तळाला खोलगट पोचे येतात. रुंद आधार, बेताचा ताण आणि दोन्ही टोकांना दोऱ्या पुरतात. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्टे तपासावेत.

ट्रेलर पाण्यात उतरवावाच लागतो, असेही नाही. प्रवासात तापलेला चाकाचा हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी शोषले जाते आणि बेअरिंग गंजते. कयाक काठावरच सरकवून उतरवता येतो.

आखूड ट्रेलर मागे घेणे सोपे वाटते. प्रत्यक्षात तो स्टिअरिंगच्या जराशा हालचालीनेही झटकन आडवा होतो.