वेष्टनावरील एक भारदस्त शब्द

गतवर्षी स्नेहसंमेलनातील नाटकाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या एका विद्यार्थिनीचा चेहरा लाल होऊन सुजला. रंगाची डबी आम्हीच आणली होती. तीवर 'हायपोॲलर्जेनिक' असे छापलेले पाहून आम्ही निर्धास्त झालो होतो. त्या शब्दाचा अर्थ आम्ही शोधला तो नंतर, हीच आमची चूक.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिला. आपल्याकडे त्यास 'वावडे' म्हणतात. इतरांस निरुपद्रवी असलेल्या पदार्थासही एखाद्याचे शरीर शत्रू समजते आणि त्याच्याशी झगडू लागते. खाज, पुरळ, सूज ही त्या झगड्याची चिन्हे होत. 'हायपो' या ग्रीक उपसर्गाचा अर्थ 'खाली' अथवा 'कमी'. म्हणजे 'वावडे होण्याचा संभव कमी' एवढेच हा शब्द सांगतो. 'वावडे होणारच नाही' असे तो सांगत नाही.

पण कमी म्हणजे किती? अमेरिकेत १९७५ साली सरकारने नियम केला की, हा शब्द छापणाऱ्याने माणसांवर चाचणी घेऊन तो सिद्ध करावा. दोन प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या व १९७७ साली तो नियम रद्द झाला. त्या देशात आजही या शब्दास सरकारी व्याख्या नाही.

'नैसर्गिक' या शब्दानेही भुलू नये. बिब्ब्याच्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत, त्या खुणांनी कित्येकांच्या अंगावर फोड उठत. काजूच्या टरफलातील तेलाने कातडी निघते, हे आम्हां गोवेकरांस सांगावयास नको. दोन्ही झाडे एकाच कुळातील, आणि दोन्ही पूर्णतः नैसर्गिक!

म्हणून मोठ्या अक्षरांपेक्षा बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचावी. सुगंधी द्रव्ये, केसांच्या कलपातील रसायने, खोट्या दागिन्यांतील निकेल यांचे वावडे पुष्कळांस असते. नवे प्रसाधन प्रथम कोपराच्या आतील बाजूस किंचित लावून दोन दिवस वाट पाहावी. ओठ सुजले वा श्वास लागला, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

ती विद्यार्थिनी आठवड्याभरात बरी झाली. यंदा नाटकापूर्वी दोन दिवस आम्ही प्रत्येक पात्राच्या हातावर रंगाचा एकेक ठिपका लावला. पहिला ठिपका तिने स्वतः मागून घेतला.